डाव्या हाताची पाटी

८ सप्टेंबर

डावा हात. आज पहिल्यांदा.
व्यायामबाई म्हणाल्या, रोज लिहा. काहीही लिहा.
हे काहीही.

९ सप्टेंबर

अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. लोक लांबून ओळखायचे, ही पेंटरच्या हातची. आता हे. हसावं का रडावं.

१२ सप्टेंबर

उजवा हात मांडीवर पडून असतो, घरी आलेल्या पाहुण्यासारखा. ही त्याला उचलते, उशीवर ठेवते, चोळते. काल त्याला विचारत होती, बरं वाटतंय का. मला नाही विचारलं.

१३ सप्टेंबर

कंटाळा.

१७ सप्टेंबर

व्यायामबाई दवाखान्यातून येतात. वय माझ्या लेकीएवढं, आवाज हेडमास्तरांचा. आल्या की आधी माझ्या डाव्या तळहाताची कड बघतात. डाव्या हाताने लिहिलं की हात ओल्या शाईवरून सरकतो आणि कड निळी होते. तीच माझी हजेरी. कड स्वच्छ दिसली की म्हणतात, "काका, आज शाळा बुडवलीत."
आज निळी आहे. बघा म्हणावं.

२३ सप्टेंबर

एक गोष्ट ध्यानात आली. एकेक शब्द काढायला इतका घाम येतो की नको तो शब्द हात लिहीतच नाही. मी मूळचा बोलका. दुकानदाराने पाटीवर नुसतं 'चहा' सांगितलं, तर मी 'ताजा, गरमागरम, उत्तम चहा' रंगवून वर कपातून वाफ काढायचो. वाफेची वेटोळी काढण्यात माझा हात कुणी धरत नसे.
ही म्हणाली, "हल्ली तुम्ही कमी बोलता, पण ऐकावंसं वाटतं." कौतुक होतं की टोमणा, कळलं नाही.

२८ सप्टेंबर

हिला झालंय तरी काय? साखरेच्या बरणीचं झाकण उघडेना म्हणून माझ्याकडे आली. मला अर्धांगाचा झटका आला त्या दिवशी हिने मला एकटीने जिन्यावरून खाली उतरवलं होतं. तिला आज झाकण जड!
म्हटलं, "अगं, मला एकच हात आहे."
"एक का होईना, आहे ना? बघा तरी."
बरणी गुडघ्यांत दाबली आणि डाव्या हाताने पिळत बसलो. शेवटी निघालं एकदाचं. थकली आहे बिचारी. माझ्या आजारपणात फार ओढलं तिने. मनाला लागून राहिलं.

३ ऑक्टोबर

लेकीने बातमी आणली. ज्या शिंप्याकडे ती काम करायची त्याला रामराम ठोकलाय. आमच्या घराच्या खालची खोली, किल्ल्या बनवणारा होता ती, तिने घेतली. स्वतःचं दुकान काढणार. नवे कपडे शिवणार नाही, फक्त दुरुस्ती आणि रफू.
"फक्त दुरुस्तीवर दुकान चालतं का कुठे?" मी विचारलं.
"बाबा, नवे शिवणारे पुष्कळ आहेत. फाटलेलं जोडणारे किती?"
पुढच्या महिन्याच्या शेवटच्या सोमवारी उघडणार म्हणे. पोरीच्या डोळ्यांत चमक होती. मी जेवताना तिच्याकडेच बघत होतो. लहानपणी बाहुल्यांचे हात तोडायची आणि परत शिवायची.
मग पाटीचा विषय निघाला. कुणीच काढत नव्हतं, म्हणून मीच काढला. म्हटलं, "समोरच्या छाप्याकडून करून घे."
छाप्या म्हणजे समोरचा छपाईवाला. त्याच्याकडे ते मशीन आहे. एका बाजूने प्लास्टिकचं भेंडोळं घालायचं, दुसऱ्या बाजूने पाटी बाहेर. ते आलं त्या वर्षापासून माझ्याकडे गिऱ्हाईक कमी होत गेलं. त्याचं नाव मी कधीच घेत नाही, तोही मला नुसतं 'पेंटर' म्हणतो.
लेक म्हणाली, "बरं."
नुसतं बरं! मी सांगितलं ते खरं, पण तिने इतक्या लवकर ऐकायला नको होतं.

४ ऑक्टोबर

मन लागत नाही. बरं म्हणाली.

७ ऑक्टोबर

आज जेवण चांगलं गेलं. छाप्याचं मशीन बंद पडलं!
तो स्वतः वर आला होता सांगायला. मला झटका आल्यापासून पहिल्यांदाच. दारात उभा राहून म्हणाला, "पेंटर, तुमच्या लेकीची पाटी काही माझ्याकडून होत नाही. मशीनचा एक भाग गेलाय. कधी मिळेल सांगता येत नाही."
मी तोंड पाडून "अरेरे" म्हटलं. आतून उकळ्या फुटत होत्या. ब्रशाला बघ, भाग जाण्याची भीती नाही.
तो गेल्यावर लेक म्हणाली, "आता तुम्हीच करा."
"या हाताने?"
"मग पाटीशिवाय उघडते."
पेंटरच्या पोरीचं दुकान, तेही बिनपाटीचं? लोक तोंडात शेण घालतील. म्हटलं, बघू. ही स्वयंपाकघरात गुणगुणत होती. नवरा एवढ्या पेचात आणि हिला गाणी सुचतात.

११ ऑक्टोबर

पाटी डोक्यात तयार आहे. वर मोठ्या अक्षरांत दुकानाचं नाव, खाली 'सर्व प्रकारच्या कपड्यांची दुरुस्ती व रफू खात्रीने करून मिळेल'. अक्षरांना सोनेरी कड. मागे लाल सावली. दोन्ही कोपऱ्यांत वेलबुट्टी. मध्ये कात्री.
लेकीला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाव 'रफू'. बाकी काही नको."
"फक्त रफू? दोन अक्षरं?"
"मला एवढंच हवंय, बाबा."
दोन अक्षरांच्या पाटीला पेंटर कशाला हवा? एक वेल तरी, म्हटलं. नको म्हणाली. आईवर गेली आहे, एकदा नको म्हणाली की नकोच.

१५ ऑक्टोबर

पत्र्याची पाटी आली. लेकीनेच घासून तिच्यावर निळ्या रंगाचे हात दिले. गडद निळा, कामावर जाणाऱ्यांच्या कपड्यांचा असतो तसा. मला लाल जमीन हवी होती. पण जुन्या डब्यांतला लाल आणि सोनेरी वाळून दगड झालाय. पांढरा तेवढा धड आहे. म्हणजे निळ्यावर पांढरं. शाळेतल्या मुलाची वही.
उद्या सुरुवात.

१६ ऑक्टोबर

लिहायचं नाही. पण व्यायामबाई कड बघतील.
डोक्यावरची रेघ आधी घेतली. सगळी अक्षरं जिला टांगतात ती. माझी ती खासियत. पट्टी नाही, सूत नाही, पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात. लोक रस्त्यात थांबून बघायचे.
आज वीतभर गेली आणि थरथरली. साप निघाला. तो पुसला, पुन्हा मारली. पुन्हा साप. त्यावरून हात फिरला आणि सगळं फासलं गेलं. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून पुसून खालचा निळा रंग निघायला लागला.
ब्रश फेकला. भिंतीला लागला. हिने भिंत पुसली.
मी आता पेंटर नाही. पेशंट आहे. हे मान्य केलं की सगळं सोपं होईल.

१९ ऑक्टोबर

लेक वर येते, पाटीकडे बघत नाही. मुद्दाम बघत नाही. मलाही दिसतं की.

२१ ऑक्टोबर

हिचा खांदा दुखतो म्हणे. कपडे वाळत घालताना हात वर जात नाही. म्हणून आता दोरीवर चिमटे मी लावतो. ती कपडा धरते, मी चिमटा दाबतो. आधी बोटांतून निसटून खाली पडायचे. आज एकही पडला नाही.
व्यायामबाईंना म्हटलं, माझं राहू द्या, हिचा खांदा बघा एकदा. त्यांनी बघितला. बराच वेळ तोंड फिरवून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "काका, त्यांच्या खांद्याला औषध नाही. चिमटे तुम्हीच लावायचे." त्यांचे डोळे पाणावले होते. हसून की काय, समजलं नाही. दोघींचं काहीतरी गंभीर आहे आणि मला सांगत नाहीत अशी शंका येते.

२४ ऑक्टोबर

काठीचा प्रश्न सुटला. आमच्या धंद्यात एका हातात ब्रश आणि दुसऱ्या हातात काठी. काठी पाटीवर आडवी टेकवायची आणि ब्रशाचं मनगट तिच्यावर ठेवायचं, म्हणजे हात हलत नाही. माझा काठीचा हातच गेला.
ही म्हणाली, "मी धरू?"
"तुला नाही जमणार. आणि खांदा?"
"खांदा वर करायला दुखतो. धरायला नाही."
तर हिने काठी धरली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ही माझ्या कामात उभी राहिली. आधी काठी डुगडुगायची. मग दोघांचं जमलं. तिच्या हाताला साबणाचा वास येतो. इतक्या जवळ कधी लक्ष गेलं नव्हतं.

२७ ऑक्टोबर

दुसरा प्रश्नही सुटला. डाव्या हाताने डावीकडून सुरुवात केली की हात ओल्या रंगावरून जातो. म्हणून उलटं करायचं. आधी 'फू', मग 'र'. रेघसुद्धा उजवीकडून डावीकडे. इतकी वर्षं जे सरळ केलं, ते आता आरशात बघून केल्यासारखं.
गंमत अशी की अक्षर उलटं काढायला घेतलं की त्याच्याकडे नव्याने बघावं लागतं. 'फ'चं पोट किती मोठं, हे मी आज पहिल्यांदा बघितलं. हजारो वेळा काढलं असेल.
पण रेघ अजून साप.

१ नोव्हेंबर

समोर छाप्याच्या मागच्या दाराने दोन माणसं प्लास्टिकचं मोठं भेंडोळं आत नेताना दिसली. दुरुस्तीचं सामान असेल. बिचाऱ्याचं मशीन अजून लागत नाही. मला आता जरा वाईट वाटतं.

४ नोव्हेंबर

लेक संध्याकाळी वर येऊन बसली होती. कुणाचा तरी कोट होता, खिशापाशी फाटलेला. मी नुसता बघत होतो. सुई आत, सुई बाहेर. एवढासा टाका. मग थांबायची. पुन्हा एवढासा.
विचारलं, "तू मध्ये थांबतेस कशाला? सलग घेत जा की."
"सलग घेतलं की ओढ बसते, बाबा. श्वास धरून शिवायचं नाही. टाका, श्वास. टाका, श्वास."
"आणि हात थरथरला तर?"
"एवढासा टाका घालताना थरथरायला वेळच कुठे मिळतो?"
हे वाक्य मी आज झोपेतसुद्धा विसरणार नाही.

५ नोव्हेंबर

जमतंय.
बोटाच्या पेराएवढी रेघ ओढायची. ब्रश उचलायचा. श्वास. जरा सरकायचं. पुन्हा पेराएवढी. एवढ्यात हात थरथरत नाही, त्याला सवडच होत नाही. ही काठी सरकवते आणि हळू आवाजात म्हणते, "हं." तिच्या 'हं'वर माझा ब्रश टेकतो.

९ नोव्हेंबर

अर्धी रेघ झाली. पण कशी झाली! तुटक तुटक. मध्ये मध्ये निळी जमीन दिसते. एक तुकडा, एक फट, एक तुकडा, एक फट. माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या एखाद्याने असली रेघ मारली असती तर मी त्याला घरी पाठवला असता. असो. हात बसला की फटी भरून काढीन. आधी सगळं आखून तर होऊ दे.

१३ नोव्हेंबर

'फू' झालं. तेही तुटक. पोट मात्र सुरेख गोल आलंय. इतकं गोल उजव्या हाताने कधी आलं नव्हतं, तेव्हा फार घाईत असायचो. वेलबुट्टीसाठी घाई.
व्यायामबाई आल्या तेव्हा कड निळी नव्हती, पांढरी होती. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

१७ नोव्हेंबर

'र' झाला. लेक पाटी बघायला आली. बघितलं. तोंडावर हात ठेवून उभी. मग "छान आहे बाबा" एवढं म्हणून पटकन खाली गेली.
मला कळतं. छान नाही. पोरगी वाईट वाटू नये म्हणून बोलली. पेंटरला कुणी 'छान' म्हणून दया दाखवू नये. फटी भरल्या की बोल म्हणावं.

२१ नोव्हेंबर

हाताला सूज. व्यायामबाईंनी ब्रश बंद केलाय. सोमवार जवळ आला. फटी तशाच.

२३ नोव्हेंबर

उद्या दुकान. सूज उतरली म्हणून आज सकाळीच बसलो. ही भाजी आणायला गेली होती. काठी खुर्चीच्या पाठीत अडकवली आणि फटी भरायला घेतल्या. रंग वाळलेला, त्यामुळे फासायची भीती नाही. जुन्या सवयीने डावीकडून सुरू केलं. 'र' भरला. त्याच्या डोक्यावरची रेघ भरली. सलग, भक्कम, पांढरीशुभ्र. मी स्वतःशीच म्हटलं, हे बघ, आला पेंटर परत.
एवढ्यात लेक वर आली आणि किंचाळली, "बाबा, थांबा!"
ब्रश हातातून सुटता सुटता राहिला.
"काय झालं?"
"हात लावू नका! आता एकसुद्धा फट भरू नका!"
"अगं, अर्धी झाली. अर्धी तशी आणि अर्धी अशी? हसतील लोक."
ती पाटीसमोर बसली. मला वाटलं रडते आहे, तर हसत होती. मग रडतही होती. दोन्ही एकदम. "बाबा, ही अशीच टांगायची. तुम्हाला माझी शपथ."
"पण का?"
"उद्या समोरून बघा."
म्हणजे मी घोटाळा केला. आधी सगळी तुटक होती, निदान एकसारखी तरी होती. आता आंबा पिकला नाही नि कच्चाही राहिला नाही, असली गत. शपथ घातली म्हणून गप्प बसलो. जेवलो नाही.

२४ नोव्हेंबर

आज सविस्तर लिहायचं आहे, हात दुखला तरी.
सकाळी पाटी खाली टांगली. आमची खिडकी तिच्या वरच्या बाजूला, त्यामुळे घरातून ती दिसत नाही. मी वरच बसून राहणार होतो. लेक आली आणि दंड धरून म्हणाली, "चला."
"कुठे?"
"पाटी कुठून बघायची, हे मला लहानपणी कुणी शिकवलं?"
मीच. पाटी जवळून बघायची नसते. रस्ता ओलांडून, समोरच्या पायरीवरून बघायची. जे गिऱ्हाईक अजून तुमचं झालेलं नाही, ते तिथे उभं असतं. हे मी तिला खांद्यावर बसवून सांगायचो.
पण रस्ता मी आजारी पडल्यापासून ओलांडला नव्हता. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला ही. पाय ओढत ओढत गेलो. एक गाडी थांबली, हॉर्नही वाजवला नाही. समोरची पायरी म्हणजे नेमकी छाप्याची. तो बाहेर येऊन उभा होता, त्याने स्टूल पुढे केलं. मी नको म्हणालो आणि वळून बघितलं.
निळ्या कापडावर पांढरा दोरा.
दुसरं काही दिसेचना. ती रेघ नव्हती, धावदोरा होता. उजवीकडे टाके सुटे सुटे, जसे लेक आधी घालते तसे. डावीकडे सरकत सरकत ते घट्ट होत गेलेले आणि 'र'पाशी सगळं जुळून आलेलं. कुणीतरी फाटलेलं शिवतंय, अर्धं झालंय, आणि अर्धं व्हायचंय. सुई तेवढी काढायची राहिली होती.
मी जन्मभर कात्र्या काढल्या, इस्त्र्या काढल्या, कपांतून वाफा काढल्या. दुकान काय करतं ते अक्षरानेच सांगावं, हे मला कधी सुचलं नाही. सुचलं असतं तरी हाताने ऐकलं नसतं. तो एका दमात रेघ मारून मोकळा झाला असता.
"कळलं का?" लेकीने विचारलं.
मी मान हलवली. छाप्या म्हणाला, "पेंटर, हे माझ्या मशीनमधून निघणार नाही."
"लागलं का मशीन?" मी विचारलं.
"हो हो," तो म्हणाला, "आजच लागलं. सकाळी."
नशीबवान माणूस.

२६ नोव्हेंबर

सगळे छान म्हणतात. गल्लीतले, ओळखीचे, व्यायामबाई. ओळखीचे म्हणणारच. आजारी माणसाच्या हातचं कुणीही छान म्हणतं. हा किडा डोक्यातून जात नाही.

८ डिसेंबर

दुपारी मी हल्ली खाली दुकानात खुर्ची टाकून बसतो. आज एक आजोबा आले. अनोळखी. आमच्या भागातले नव्हेत, बसमधून चुकीच्या थांब्यावर उतरले होते. काखेत एक पिशवी. दारात बराच वेळ रेंगाळले, मग आत आले आणि पिशवीतून बायकांचा एक स्वेटर काढला. कोपरावर मोठं भोक.
"हे होईल का?" लेकीला म्हणाले. "वापरायचा नाही. वापरणारी नाही आता. पण भोक बघवत नाही."
लेकीने स्वेटर दोन्ही हातांत घेतला. "होईल. दिसेल थोडं. चालेल?"
"दिसू दे," आजोबा म्हणाले. "मी ही पिशवी घेऊन बऱ्याच दुकानांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. चकचकीत दुकानात असलं काढायला लाज वाटते हो. आज तुमची पाटी बघितली. म्हटलं, यांच्या पाटीचंच शिवण अजून चालू आहे, इथे काढायला हरकत नाही."
मी भिंतीकडे तोंड केलं. लेक म्हणाली, "पाटी बाबांनी केली." आजोबांनी माझ्याकडे बघितलं, मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघितलं. जाताना माझा डावा हात हातात घेऊन दाबला फक्त.
घरी येऊन हिला सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं.

२० डिसेंबर

आज चालायची काठी न घेता स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. हिला दाखवायचं होतं म्हणून आवाज केला नाही. ही पाठमोरी होती. तिने साखरेची बरणी घेतली, एका पिळात झाकण उघडलं, चमचाभर साखर काढली, झाकण लावलं. मग बरणी पोटाशी धरली आणि दोन्ही हातांनी झाकण घट्ट केलं. आणखी घट्ट केलं. दात-ओठ खाऊन. आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अहो, जरा येता का? हे मेलं झाकण..."
मी तसाच मागे सरकलो. कसाबसा खुर्चीत बसलो आणि तिथून ओरडलो, "आलो, आलो!"
पण लगेच उठवेना. एकेक टाका उसवत गेला. चिमटे. वर न जाणारा खांदा, जो परवा माळ्यावरून ट्रंक काढताना छान वर गेला होता. व्यायामबाईंचे पाणावलेले डोळे. दोन अक्षरांचं नाव. मागच्या दाराने आत गेलेलं ते भेंडोळं. दुरुस्तीचं सामान म्हणे! छाप्याचं मशीन एक दिवस तरी बंद होतं का? सगळ्यांनी मिळून मला मामा बनवलं, आणि मी शहाणा यांची काळजी करत बसलो.
राग यायला हवा होता. वाट बघितली, आला नाही. भीती मात्र वाटली. पाटीसुद्धा अशीच असेल का? सगळ्यांनी ठरवून छान म्हटलेली?
मग ते स्वेटरवाले आजोबा आठवले. त्यांना कुणी पढवून पाठवलं नव्हतं. ते चुकीच्या थांब्यावर उतरले होते. त्या कोपराचं भोक खरं होतं. मला तेवढं पुरे आहे.
"अहो, येताय ना?"
गेलो. बरणी गुडघ्यांत धरली. झाकण खरोखरच घट्ट होतं, हिच्या अंगात अजून चांगलीच ताकद आहे. डाव्या हाताने पिळलं, थांबलो, श्वास घेतला, पुन्हा पिळलं. निघालं.
"तुम्ही नसता तर माझं कसं झालं असतं हो," ही म्हणाली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही तिच्या. धंद्यात असती तर नाव काढलं असतं.
छाप्याला काही विचारायचं नाही, हे मी ठरवलं आहे. लेकीलाही नाही. हिला तर नाहीच नाही.
मी म्हटलं, "आणखी एखादी बरणी अडली असेल, तर तीही आण."